लेडीज आवाजवाल्या महारुद्रची सहा गाणी

नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची वरात, मारुतीच्या पारापासून निघाला, की बेंबळीच्या शंखनाद ब्रास बँडभोवती एक गंमत हमखास घडते. नवरदेव घोडीवर सावरून बसलेला असतो, करवल्या एकमेकींच्या पदरांच्या पिना बघत असतात, ताशेवाला बोटं मोडून घेत असतो, आणि तेवढ्यात भोंग्यातून एका बाईचा आवाज उठतो. कोवळा, धारदार, ओळीच्या शेवटाला किंचित थरथरणारा. नवे पाहुणे टाचा उंच करून ती बाई शोधू लागतात. भोंग्याच्या गाडीच्या पुढं बघतात, मागं बघतात. बाई कुठंच नसते. असतो तो लाल डगल्यातला, दारातून वाकून आत येणारा, भरघोस मिशांचा महारुद्र. डावा हात कानावर, उजव्या हातात माईक, डोळे मिटलेले. मिशी हलते आणि बाई गाते.

"आगं बया, बाप्या हाय की ह्यो," अशी एखादी म्हातारी म्हणते, आणि मग परण्याला खरा रंग चढतो.

बारशाला आत्यानं महारुद्र हे नाव ठेवलं, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं मारुतीची गदा होती. पुढं हा पोरगा छत्तीस वर्षं बाईच्या आवाजात गाऊन चार तालुक्यांत गाजेल, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं पाळणा अर्ध्यातच थांबवला असता. पण गाजला खरा. लग्नाची तारीख भटजींना विचारायच्या आधी लोक शंखनादच्या मालकांना विचारत, "त्या दिवशी लेडीज आवाज मोकळा हाय का?" गावोगावचे आचारी त्याला "महारुद्रबाई, चहा घ्या" म्हणत, आणि तोही लाजत मुरकत बाईच्याच आवाजात सांगे, "साखर बेतानं टाका, भाऊजी." सगळा मांडव हसे. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. रंगमंच असो की रस्ता, हसवणाऱ्याला आधी स्वतःवर हसू द्यावं लागतं, हे त्याला न शिकवता कळलं होतं.

फक्त त्याचं नाव कुठं नव्हतं. मोठ्या ढोलावर बँडचं नाव, गाडीवर बँडचं नाव, कार्डावर मालकांचा फोन नंबर. लोकांच्या फोनमध्येही तो 'शंखनाद लेडीज' असाच होता.

महारुद्र मूळचा सास्तूरचा, मेंढपाळाच्या घरचा. बाप कोंडीराम सत्तर मेंढरं घेऊन रानोमाळ फिरे, आणि लहानगा महारुद्र काखेत रेडिओ अडकवून त्यांच्यामागं. रेडिओवर बाई गायली की तो तिच्यासारखा गाई. पुरुष गायला की गप्प बसे. का, ते त्यालाही सांगता येत नसे. बाईचा आवाज रानात लांबवर जाई, एवढंच त्याला आवडे. विसाव्या वर्षी लोहाऱ्याच्या बाजारात राजशेखर मालकांनी त्याला ऐकलं आणि त्याच दिवशी बँडमध्ये घेतलं. मालक स्वतः क्लॅरिनेट वाजवत. तेव्हा ते तिशीत होते आणि केस मागं वळवून ठेवायचे. आता केस राहिले नाहीत, क्लॅरिनेट राहिली आहे.

कोंडीरामानं मुलाला अडवलं नाही. पण त्या आवाजाबद्दल तो कधी चांगलं बोलला नाही, वाईटही बोलला नाही. महारुद्र सुट्टीला घरी गेला, की बाप विचारी, "जेवलास का? पायताण धड हाय का?" बस. लेकरू बाईच्या आवाजात गातं म्हणून बापाला गावात मान खाली घालावी लागत असणार, असा त्या गप्प बसण्याचा अर्थ महारुद्रनं आपल्या परीनं लावला, आणि विचारायचं मात्र राहून गेलं.

त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाला शंखनाद तुळजापूरच्या मिरवणुकीत होता. एरवी मेंढरांजवळ रानात झोपणारा कोंडीराम त्या रात्री गणपती बघायला म्हणून गावात आला होता. पहाटे भूकंप झाला. सकाळी राजशेखर मालक जीप करून महारुद्रला सास्तूरला घेऊन गेले. मागोमाग सगळा बँड आला. दोन दिवस त्या माणसांनी वाजवायच्या हातांनी दगड उचलले. पुढं गाव नव्या जागी वसलं, पण महारुद्र तिथं राहायला गेला नाही. मालकांनी त्याला बेंबळीला आणलं, अयोध्याशी लग्न लावून दिलं, आणि बँड हेच त्याचं घर झालं.

अशा माणसाला बँडबाहेर जाऊन स्वतःचं काही करावंसं का वाटलं, याचं उत्तर पंगतीत आहे.

लग्नात बँडवाले सगळ्यांत शेवटी जेवतात. परण्या मांडवात पोचला, अक्षता पडल्या, की यांचं काम संपतं आणि भूक सुरू होते. आधी पाहुणे, मग गावकरी, मग वाढपी, मग बँड. हे तास-दीड तास बाकीचे झाडाखाली डुलक्या काढत, पत्ते खेळत. महारुद्र तेवढ्या वेळात गाणी जुळवी. कागद-पेन्सिल नाही. ओळ सुचली की चार वेळा पुटपुटायची, दुसऱ्या लग्नात पुढची जोडायची. असं करत वर्षानुवर्षांत त्याची सहा गाणी झाली. एक होतं नवरदेवाच्या घोडीचं:

"घोडीला कुनी इचारलं न्हाय, तुजं लगीन कवा,
नवरं बसत्यात पाठीवरी, दर हप्त्याला नवा."

एक शेवटच्या पंगतीतल्या गार वरणाचं, एक करकरणाऱ्या बुटांचं, दोन अयोध्याची, पण तिला न सांगता केलेली. आणि सहावं बापाचं:

"म्होरं चालली मेंढरं, मागं चालतोया बाप,
धुळीमंदी दिसंना त्यो, ऐकू येतीया हाक."

हे सहावं गाणं झालं, तेव्हा त्यानं ठरवलं, की ही गाणी आपण गायची, स्वतःच्या आवाजात गायची, आणि ती झाली की बाईचा आवाज बंद. बापाला जे ऐकायला मिळालं नाही, ते निदान त्याच्या नावावर एकदा होऊन जाऊ दे.

जेठातली लग्नाची शेवटची तीथ होती. औशाजवळच्या एका लग्नात, पंगतीची वाट बघताना, तो मालकांजवळ जाऊन बसला. मालक क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून फडक्यानं पुसत होते.

"अण्णा, एक बोलायचं हुतं."

"उचल पायजे?"

"न्हाय. म्या सहा गाणी केल्यात. धाराशिवात त्यो रणधीर हाय न्हवं, त्याचा परण्या आपुनच काढला हुता, त्यानं स्टुडिओ टाकलाय. तिथं अल्बम करावा म्हणतो."

मालकांचा चेहरा फुलला. "कर की मर्दा. शंखनादच्या नावानं काढू. गाडीवर मोठा फोटू लावू तुजा."

"शंखनादच्या नावानं न्हाय, अण्णा. माझ्या एकट्याच्या. आणि लेडीज आवाजात न्हाय. माझ्या आवाजात."

मालकांचं फडकं थांबलं.

"आणि त्ये झालं, की लेडीज आवाज बंद करावा म्हणतो."

"बँड सोडतोस म्हण की."

"बँड न्हाय सोडत. झांजा वाजवीन."

"तुजा आवाज म्हंजी कंचा रं, रुद्रा?" मालक शांतपणे म्हणाले. "छत्तीस वरसं आमी जो ऐकतुया, त्यो कुनाचा हाय मग? शेजारनीचा?"

तेवढ्यात वाढप्यानं हाक मारली, दोघं उठून पंगतीला बसले. मालकांनी नेहमीसारखी आपल्या ताटातली बुंदी त्याच्या ताटात टाकली नाही. आषाढ लागला, तरी त्यांनी विषय काढला नाही. फक्त दुसऱ्या कुणाकडून महारुद्रच्या कानावर आलं, की उमरग्याला एक लेडीज आवाज काढणारा गायक आहे आणि मालक त्याची चौकशी करत आहेत.

श्रावणात लग्नं नसतात. महारुद्रनं धुतलेला सदरा घातला, काय विचार करून कोण जाणे पायांत बँडचेच बूट चढवले, आणि धाराशिवची एसटी धरली. अयोध्यानं डब्यात भाकरी-ठेचा बांधून दिला. "कशाला चाललाय?" तिनं विचारलं. "जरा आवाज तपासायचा हाय," तो म्हणाला. "मग दवाखान्यात जावा की," ती म्हणाली.

रणधीरचा स्टुडिओ एका वह्या-पुस्तकांच्या दुकानावर होता. भिंतींना जाड स्पंज, मधोमध काच, काचेच्या अलीकडं माईक, पलीकडं कॉम्प्युटर आणि रणधीर. रणधीर पस्तिशीचा, कामाला चोख, बोलायला मऊ. त्यानं गाणी फोनवर ऐकून घोडीच्या गाण्याला कॉम्प्युटरवर चाल बांधून ठेवली होती. महारुद्रच्या कानांवर हेडफोन चढवला आणि म्हणाला, "काका, निवांत गावा. इथं गर्दी न्हाय."

तीच तर अडचण होती. उभं राहून गायची त्याला सवय नव्हती. तो जागच्या जागी चालू लागला. बूट करकरले, रणधीरनं ते काढायला लावले. मग अनवाणी चालत, डोळे मिटून, महारुद्र स्वतःच्या आवाजात गाऊ लागला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, पुन्हा मुखडा आला, पुन्हा पहिलं कडवं आलं. चाल संपून गेली, कॉम्प्युटर गप्प झाला, तरी हा गातोच आहे. रणधीरनं काचेवर टकटक केली, हात हलवले. शेवटी आत येऊन खांद्यावर हात ठेवला.

"काका, थांबायचं कधी?"

महारुद्रनं डोळे उघडले. "मालक शिट्टी मारत्यात तवा."

रणधीर त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याला उमगलं. परण्यात गाणं संपत नसतं. गाडी पुढं सरकली, नाचणारे दमले, मामानं घड्याळ दाखवलं, की मालक शिट्टी मारतात आणि त्या ओळीवरून बँड दुसऱ्या गाण्यात उडी घेतो. छत्तीस वर्षांत महारुद्रनं एकही गाणं शेवटाला नेलेलं नव्हतं. आपल्या गाण्यांना शेवट करायचा असतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. सहाच्या सहा गाणी गोल होती.

दोघं हसले. पण रेकॉर्ड झालेलं ऐकलं, तेव्हा हसू मावळलं. आवाज ताठ होता. ग्रामपंचायतीत कुणी ठराव वाचून दाखवावा, तसं घोडीचं गाणं वाटत होतं.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर रणधीर चाचरत म्हणाला, "काका, एक करून बघू का? ते बापाचं गाणं एकदा तुमच्या नेहमीच्या आवाजात गावा. नुसतं बघायला."

महारुद्र दमला होता. गायला. आणि काय सांगावं, पहिल्या ओळीलाच खोली भरून गेली. तो आवाज पाण्यात सोडलेल्या माशासारखा सुळकन फिरत होता. रणधीरचे डोळे भरून आले. त्यानं ते स्पीकरवर लावलं. महारुद्रनं आजवर स्वतःला भोंग्याच्या मागून ऐकलं होतं, समोर बसून कधीच नाही. तो खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून, पाहुण्यासारखा ऐकत बसला. संपल्यावर म्हणाला, "परत लाव." परत ऐकलं.

"लई भारी झालंय, काका. हे चालणार."

"रणधीर, ही बाई कोण रं?"

"तुम्हीच की."

"त्ये कळतंय मला. लई चांगली गाती. पण माझ्या बापाची तिला काय पडलीया?"

रणधीर म्हणाला, "काका, लोक हेच ऐकत्यात."

"पुसून टाक त्ये."

"राहू द्या की एका कोपऱ्यात."

"ठिवायचं तर ठेव. पण मग तिच्या बापाचं गाणं तिला दे. ह्यो माझा हाय."

रणधीरनं त्याच्या देखतच ते पुसलं.

पुढच्या खेपेला महारुद्र बाजारातून एक शिट्टी घेऊन आला आणि रणधीरच्या हातात दिली. रणधीर भला माणूस, पण शिट्टी मारायचीही एक जागा असते. त्यानं एकदा ओळीच्या मध्येच मारली, महारुद्र दचकून खोकला. एकदा इतकी उशिरा मारली, की पुढचं कडवं निम्मं झालं होतं. संध्याकाळपर्यंत दोघांचे कान दुखायला लागले. महारुद्र बस गाठायला गेला, तेव्हा रणधीरनं बेंबळीला फोन लावला.

"अण्णा, तुमचा माणूस थांबतच न्हाय हो."

राजशेखर मालक म्हणाले, "मंगळवारी कामानं धाराशिवला यायचंच हाय मला. बघतो."

मंगळवारी त्यांना धाराशिवात कसलं काम होतं, ते कुणालाच शेवटपर्यंत कळलं नाही. काखेत क्लॅरिनेटची पेटी होती. जिना चढून वर आले, महारुद्रकडं न बघता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. रणधीरनं चाल लावली. मालकांच्या भुवया एकत्र आल्या.

"ह्ये काय वाजतंय?"

"क्लॅरिनेट आहे, अण्णा. कॉम्प्युटरमधली."

"सर्दी झालीय तिला. काढ ती."

"मग तिथं मोकळं वाटेल."

"मोकळं कशाला वाटंल? म्या काय इथं भजी खायला आलोय?" असं म्हणून त्यांनी पेटी उघडली, तुकडे जोडले, फुंकायची काडी जिभेवर भिजवली. मग पहिल्यांदा महारुद्रकडं वळले. "गा."

महारुद्र गायला. तोच ठराव पुन्हा वाचला गेला. मालकांनी ओठांवरून क्लॅरिनेट खाली घेतली.

"रुद्रा, गर्दीत गाडी अडकली, की तू माईक बाजूला धरून काय वरडतोस?"

"'ओ पाव्हणं, जरा सरकून घ्या, घोडी लाथ मारंल.'"

"हां. त्यो तुजा आवाज. त्येच्यात गा. गायला जाऊच नगंस. पाव्हण्याला सांगतोस तसं सांग, फकस्त सुरात सांग."

मालकांनी सूर दिला. महारुद्रनं डोळे मिटले, आणि समोर औशाच्या लग्नातला एक हट्टी, जाडा पाहुणा उभा केला. त्या पाहुण्याला त्यानं घोडीची सगळी कहाणी सुनावली. आवाज जाड होता, कडेला खरखरीत होता, वरच्या सुरात जायला नाखूश होता. पण त्यात माणूस होता. कडवी संपली आणि जिथं मारायची तिथंच मालकांनी शिट्टी मारली. रणधीरनं काचेपलीकडून अंगठा वर केला.

त्या दिवशी तीन गाणी झाली, दुसऱ्या मंगळवारी दोन. राहिलं बापाचं.

सहाव्या गाण्याला महारुद्र माईकसमोर उभा राहिला आणि उभाच राहिला. मालकांनी दोनदा सूर दिला, त्यानं दोनदा पाणी प्यायलं. कोंडीरामला मालकांनी पाहिलं होतं, दगडांखालून बाहेर काढायला त्यांचेही हात होते. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी पेटीत ठेवली.

"ह्येला शिट्टी न्हाय," ते म्हणाले. "तुला वाटंल तवा थांब."

महारुद्र गायला. या खेपेला त्याचे पाय हलले नाहीत. तीन कडवी झाली, पुन्हा मुखडा आला, 'ऐकू येतीया हाक' ही ओळ आली, आणि तो तिथं थांबला. क्लॅरिनेट त्याच्यापुढं एक श्वासभर गेली आणि तीही थांबली. रणधीरचा हात बटणावर जायला बराच वेळ लागला.

जिना उतरताना महारुद्र म्हणाला, "अण्णा, क्लॅरिनेटवाल्याचं नाव घालायला पायजे."

"अजिबात न्हाय. एकट्याचं म्हणलास न्हवं? मग एकट्याचं ऱ्हाऊ दे."

"पण तुमी वाजवलं की."

"म्या शिट्टी मारायला आलो हुतो," मालक म्हणाले. मग पुढच्या पायरीवर थांबून, मागं न बघता, "झांजा कंच्या घेणार हायस? लहान, का मोठ्या?"

म्हणजे ते त्याचं बोलणं विसरले नव्हते. महारुद्रनंही शब्द मागं घेतला नाही. "मोठ्याच घेतो," तो म्हणाला.

आश्विनात रणधीरनं सहा गाणी यूट्यूबवर टाकली. वर महारुद्रचा फोटो, डगल्याशिवाय, खाली त्याचं एकट्याचं नाव, आणि त्याखाली त्याचा फोन नंबर. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव कुठंतरी झळकलं. आता कुणी म्हणेल, की गावोगाव धूम उडाली. तसं काही झालं नाही. पहिल्या पंधरा दिवसांत हजारभर लोकांनी ऐकलं. ताशेवाला म्हणाला, घोडीचं झकास आहे. घोडीवाला म्हणाला, तिला ऐकवलं, तिनं शेपटी हलवली. एकानं खाली लिहिलं, 'शंखनादची ती लेडीज कुठाय?' दोघांनी फोन करून तारखा विचारल्या, त्यांनाही लेडीजच पाहिजे होती. अयोध्यानं सहाही गाणी स्वयंपाक करता करता ऐकली. तिच्यावरच्या दोन गाण्यांना तिनं तवा जरा जोरात आपटला. शेवटी म्हणाली, "बरा हाय आवाज. घरात माझ्यावर वरडता, तसाच हाय."

तुळशीची लग्नं लागली. आता तारखा सुरू होणार होत्या. मालकांनी झांजांची मोठी जोडी काढून, चिंचेनं घासून, महारुद्रच्या घरी पाठवली होती. ती ओट्यावर झळकत पडली होती. महारुद्र त्यांना पट्टा ओवत बसला होता, तेव्हा फोन वाजला.

"तुम्ही मेंढरांचं गाणं गायलंय तेच का? मी सास्तूरवरून शिवांजली बोलतीय. आमच्या आज्जीला बोलायचंय. लक्ष्मीबाई. दोन दिवस झालं, जेवू देईना आम्हाला."

लक्ष्मीबाई म्हणजे जुन्या सास्तुरात त्यांच्या शेजारी राहणारी. कोंडीराम कुठं गेला, तर त्याची मेंढरं तीच बघायची. भूकंपानंतर ती लेकीकडं कर्नाटकात, आळंदला गेली, एवढं महारुद्रला ठाऊक होतं. ती जिवंत असेल, हे त्याच्या मनात नव्हतं.

फोनवर म्हातारा, खडा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"म्या महारुद्र, काकू. कोंडीरामाचा."

"खोटं नगं बोलूस. कोंडीरामाचा पोरगा बाईच्या आवाजात गातो. ह्यो फोनातला आवाज कोंडीरामाचाच हाय. त्यो तर गेला. म्हणून इचारते, कोण हायस तू?"

महारुद्रनं हातातला पट्टा खाली ठेवला. आपला आवाज कुणासारखा आहे, हे त्यानं कधी मनात आणलंच नव्हतं. "काकू, म्याच हाय," तो म्हणाला. "या खेपेला बाईच्या आवाजात गायलो न्हाय."

म्हातारी बहुतेक आवाज पारखत होती. मग म्हणाली, "व्हय, तूच हायस. कोंडीराम असला सुरात न्हवता. त्यो गायला लागला, की मेंढरं उठून जायची."

महारुद्र हसला. मग छत्तीस वर्षं राहून गेलेलं त्यानं विचारलं. "काकू, त्या बाईच्या आवाजाचं बापाला वाईट वाटायचं का हो?"

"वाईट?" म्हातारी म्हणाली. "तुज्या बँडला लोहाऱ्याची सुपारी आली, की त्याचं चित्त थाऱ्यावर नसायचं. मेंढरं माझ्या गळ्यात घालून जायचा. तीन डाव गेला, का चार डाव. गर्दीत मागं उभा ऱ्हायचा, तुला दिसू नये म्हणून. आला, की ओट्यावर बसून सांगायचा, 'लक्ष्मे, लोक इचारत हुते, ही बाई कोण हाय, कुठली हाय. म्या बोललोच न्हाय. म्हणलं, बसू दे हुडकत.' आणि एकटाच हसायचा. लई हसायचा."

"मला कधी बोलला न्हाय."

"तुला काय बोलायचं त्यात? तुजा आवाज तुला ठावं हुता की." मग लगेच, "ही पोरगी फोन मागतीया. तू ये एकदा. बायकूला घेऊन ये. आळंदला लई वरसं गेली माझी, आता इथंच हाय मी."

"येतो, काकू."

फोन बंद झाल्यावर महारुद्र ओट्यावर बसून राहिला. आतून अयोध्यानं विचारलं, "कुनाचा फोन हुता?" "सास्तूरचा," तो म्हणाला. ती बाहेर आली, त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि पुढं काही न विचारता शेजारी बसून लसूण सोलू लागली. लसणाचे दोन गड्डे सोलून झाले. मग त्यानं मालकांना फोन लावला.

"अण्णा, लोहाऱ्याची तारीख कवाची हाय?"

"येत्या पंचवीसची. का? झांजा जड पडल्या?"

"झांजा उद्या परत आणून देतो. लोहाऱ्याला लेडीज आवाज म्याच काढणार. हितनं पुढंबी म्याच. त्या उमरग्याच्या गायकाला नगं म्हणून कळवा."

पलीकडं क्लॅरिनेटचा एक सूर वाजला आणि थांबला. मालक रियाजाला बसलेले असावेत.

"त्याला काय कळवायचं," ते म्हणाले. "बोलावलंय कुनी त्याला?"

"मग चौकशी कशाला केली?"

"चौकशी करायला काय जातंय?" मालकांनी विचारलं, "आणि तुजी ती गाणी? घोडीचं परण्यात चालंल बघ. लोक नाचतील."

"घोडीचं घ्या की. बुटाचंबी घ्या."

"आणि बापाचं?"

"त्ये नगं, अण्णा," महारुद्र म्हणाला. "त्ये ज्याला ऐकायचं असंल, त्यानं घरी बसून ऐकावं."

"बरं," मालक म्हणाले. "सकाळी सातला ये. गळा घासून ये जरा. चार महिने बाई बोललेली न्हाय तुझी."